‘काकी, पाळी येवची गोळी आसा?’

गणपतीला आठ दिवस राहिले की आमच्या मेडिकलमध्ये एका गोळीचा खप एकदम वाढतो. पाळी पुढे ढकलायची गोळी. घरात गणपती बसणार, मुंबईची माणसं येणार, आणि नेमकी तारीख आली तर बाई बाजूला बसणार. मग मोदकांची उकड कोण काढणार? आई मुलीला पाठवते, ‘तीन स्ट्रिपा घेऊन ये’. एक आईची, एक काकीची, एक स्वतःची. ही गोळी खरं तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये. पण भाद्रपदात चिठ्ठी घेऊन कोण येतं ते मला एकदा दाखवाच.

तीच मुलगी महिन्याभरानं परत येते. आधी डोकेदुखीची गोळी मागते. दुकानात दुसरं कोणी असेल तर शॅम्पूची पुडी घेऊन जाते आणि अर्ध्या तासानं पुन्हा येते. मग काउंटरवर झुकून हळूच विचारते, ‘काकी, पाळी येवची गोळी आसा?’

सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावात नवऱ्याबरोबर मी हे दुकान चालवते. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. पण डॉक्टरकडे जायच्या आधी आणि जाऊन आल्यावर, दोन्ही वेळा या मुली माझ्यासमोर उभ्या असतात. त्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं ते इथे लिहिते आहे. खाली जी मुलगी येईल ती एकच मुलगी नाही. चार-पाच जणींची मिळून ती एक केली आहे आणि तारखा हिशेबापुरत्या धरल्या आहेत.

आधी त्या प्रश्नाचं उत्तर. पाळी आणायची गोळी असते, पण ती पोटात काही राहिलेलं नसेल तरच पाळी आणते. डॉक्टर काही दिवस हार्मोनची गोळी देतात, ती बंद केली की दोन-चार दिवसांत अंगावरून जायला लागतं. दिवस गेलेले असतील तर त्या गोळीनं काहीही होत नाही. मैत्रिणीकडून आणलेली ती गोळी पाच दिवस घ्यायची, मग आठ दिवस वाट बघायची, की झाले दोन आठवडे फुकट.

काउंटरवर ‘ती गोळी’ या नावानं चार वेगवेगळ्या गोळ्या मागितल्या जातात. ही एक पाळी आणायची. दुसरी पाळी पुढे ढकलायची. तिच्यात बहुतेक वेळा तेच औषध असतं, नॉरएथिस्टेरोन. तिसरी संबंध आल्यानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची. ती चिठ्ठीशिवाय मिळते, बीज बाहेर पडणं लांबवते आणि दिवस राहूच देत नाही. एकदा राहिले की तिचा उपयोग नाही. चौथी गर्भपाताची, ती डॉक्टरच्या चिठ्ठीवरच. पहिल्या तीन गोळ्यांनी गर्भपात होत नाही. आणि पाळी पुढे ढकलायची गोळी चालू असताना दिवस राहू शकतात, ती गर्भनिरोधक नाही. हे वाक्य मी दर गणपतीला एकदा तरी बोलते आणि दर गणपतीला समोरची मुलगी दचकते.

आता आठवड्यांचा हिशेब. सगळा घोळ इथेच होतो.

आमच्या मुलीची शेवटची पाळी धरूया ५ ऑगस्टला आली. पुढची २ सप्टेंबरच्या सुमारास यायची, म्हणजे गौरी-गणपतीच्या धामधुमीत. म्हणून तिनं तीन दिवस आधीपासून गोळी सुरू केली आणि अनंत चतुर्दशीपर्यंत घेतली. गोळी बंद झाल्यावर पाळी आली नाही. तिला वाटलं, गोळीमुळेच मागे-पुढे झालं असणार. मैत्रीणही तेच म्हणाली. आईच्या तारखा पण चुकल्या होत्या, म्हणून आईलाही वेगळं काही वाटलं नाही. २४ सप्टेंबरला ती दुकानात आली, किट घेऊन गेली, आणि संध्याकाळी दोन रेघांचा फोटो दाखवायला परत आली.

‘किती दिवसांचं असेल?’ मी विचारलं.

‘दोन आठवडे,’ ती म्हणाली. तिनं गोळी बंद केल्या दिवसापासून मोजलं होतं.

डॉक्टर असं मोजत नाहीत. ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, मग संबंध कधीही आलेला असो. ५ ऑगस्ट ते २४ सप्टेंबर म्हणजे पन्नास दिवस, सात आठवडे आणि एक दिवस. भिंतीवरचं कालनिर्णय काढून मी तिच्यासमोर बोट ठेवून मोजलं. ती बघतच राहिली. तिच्या मते पाच आठवडे कोणीतरी मधेच घुसवले होते. पाळी नियमित असलेल्या बाईची तारीख एक आठवडा टळली की कागदावर ती पाच आठवड्यांची गरोदर असते, हे कॉलेजातल्या मुलींना कोणी सांगतच नाही. पाळी अनियमित असेल तर बोटांवर मोजून उपयोग नाही, सोनोग्राफीतच आठवडे कळतात.

आठवडे इतके महत्त्वाचे का? आपल्याकडे गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत करता येतो, म्हणजे ६३ दिवस. तिचे ६३ दिवस ७ ऑक्टोबरला भरत होते. हातात तेरा दिवस. नऊ आठवड्यांनंतर, साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत, नळीनं ओढून पिशवी रिकामी करतात. काम पाच-दहा मिनिटांचं असतं आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. आमच्याकडे याला सरसकट ‘पिशवी साफ केली’ किंवा ‘क्युरेटिन केलं’ म्हणतात. पण खरवडून काढायची ती जुनी पद्धत आता वापरू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बारा आठवडे उलटले की दवाखान्यात राहावं लागतं, कळा येऊ द्याव्या लागतात, आणि तालुक्याला तशी सोय असेलच असं नाही. मग कोल्हापूर, गोवा नाहीतर मुंबई. म्हणजे घाट, खर्च, आणि घरी सांगायला एक मोठी थाप.

मुली घाबरतात ते दुखण्याला असं बाहेरच्यांना वाटतं. ‘दुखात काय?’ हा प्रश्न येतो, पण तिसरा-चौथा. पहिला असतो, ‘कोणाक कळात काय?’ दुसरा, ‘माका पोलीस पकडतील?’ सरकारी दवाखान्यापासून सोनोग्राफी सेंटरपर्यंत भिंतीवर पाटी असते की इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही, तो गुन्हा आहे. ती पाटी वाचत मोठ्या झालेल्या मुलीला गर्भपातच बेकायदा आहे असं वाटतं. कायदे दोन आहेत. १९९४ चा कायदा मुलगा की मुलगी हे बघण्यावर बंदी घालतो. गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे, १ एप्रिल १९७२ पासून लागू. चोरून केलेल्या गर्भपातात बायका मरत होत्या, म्हणून केंद्रानं १९६४ मध्ये शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि त्यातून तो आला. हे शहा महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते.

हा कायदा ‘मागेल तिला’ असा नाही. बाईच्या जिवाला, शरीराच्या किंवा मनाच्या आरोग्याला धोका आहे असं डॉक्टरचं मत लागतं. गर्भनिरोधक फसल्यामुळे नको असलेले दिवस गेले तर मनाला धक्का बसतो हे कायदाच धरून चालतो. पूर्वी हे फक्त ‘विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा’ यांच्यापुरतं होतं. २०२१ च्या दुरुस्तीत ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असं झालं. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, वीस ते चोवीसमध्ये काही ठरावीक परिस्थितीत दोघांचं. त्या वरच्या मुदतीतूनही अविवाहित मुलींना वगळता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ ला सांगितलं.

सही कोणाची लागते? अठरा पूर्ण असतील तर फक्त तिची. नवऱ्याची नाही, आई-बापाची नाही, त्या मुलाची तर नाहीच.

हे मी ठासून लिहिते, कारण एका बाईला परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. तेवीस वर्षांची, नवरा खलाशी, लाँचवर गेलेला. आठ महिन्यांचं मूल अंगावर पीत होतं. पाजणाऱ्या बाईला दिवस जात नाहीत, असं सासूनं सांगितलेलं. ते खरं आहे, पण तीन अटींवर. मूल सहा महिन्यांच्या आतलं हवं, त्याला फक्त आईचं दूध हवं आणि पाळी सुरू झालेली नसावी. हिचं मूल पेज खायला लागून दोन महिने झाले होते. पाळी आलेलीच नव्हती, त्यामुळे मोजायचं कुठून हेही तिला कळेना. दवाखान्यात नवऱ्याची सही मागितली. नवरा समुद्रात, फोन लागेना. चौथ्या दिवशी लाँच बंदरात आली तोवर तिनं चार रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता. ती सही कायद्यात नाहीच हे तिला माझ्याकडे आल्यावर कळलं, आणि मलाही तेव्हा पुरतं माहीत नव्हतं, म्हणून मी वाचायला घेतलं.

नावाचं म्हणाल तर दवाखान्यात गर्भपाताचं रजिस्टर वेगळं असतं आणि ते गोपनीय असतं. इतर कागदांवर नावाऐवजी फक्त त्यातला क्रमांक जायला हवा. डॉक्टरनं कायद्यानं अधिकार नसलेल्या कोणाला नाव सांगितलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलगी अठराच्या आतली असेल तर मात्र पालकाची संमती लागते आणि पोलिसांना कळवणं डॉक्टरला बंधनकारक आहे. त्यातही मुलीनं आणि पालकांनी सांगितलं तर त्या कळवण्यात तिची ओळख न देण्याची मुभा त्याच २०२२ च्या निकालानं दिली आहे.

कागदावर हे सगळं छान आहे. पण वाडीतली आशाताई, जिच्याकडे तपासणीचं किट फुकट मिळतं, ती कोणाची तरी चुलत काकी असते. दवाखान्यातली सिस्टर आईच्या बचत गटात असते. मुलगी मग काय करते? दुसऱ्या गावातल्या मेडिकलमध्ये जाते. २०१५ साली देशात अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी, असं अभ्यासकांनी मोजलं आहे. गर्भपाताच्या गोळ्यांचं किट मी दुकानात ठेवत नाही; नोंदी, तपासण्या, भानगडी नकोत म्हणून. त्याचा मला अभिमान नाही. मी ‘नाही’ म्हटलं की मुलगी डॉक्टरकडेच जाते असं थोडंच आहे?

डॉक्टर मधे का हवा, तर सगळ्यात मोठं कारण एक. शंभरातल्या एक-दोन गरोदरपणांत गर्भ पिशवीत न राहता बीजनळीत रुजतो. गोळ्यांनी तो पडत नाही. अंगावरून जातं, मुलीला वाटतं झालं, आणि नळी फुटली तर पोटात रक्त साठून जीव जातो. एका बाजूला जबरदस्त दुखणं, खांद्यात कळ, चक्कर ही त्याची लक्षणं. सोनोग्राफीत हे आधीच दिसू शकतं. आणि डॉक्टर म्हणजे या कामासाठी पात्र असलेला एमबीबीएस किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ. गावात इतर पॅथीचे चांगले डॉक्टर असतात, तापाला मीही त्यांच्याकडेच जाते, पण गर्भपाताची परवानगी त्यांना नाही.

गोळ्या दोन प्रकारच्या. गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनचं काम पहिली, मिफेप्रिस्टोन, बंद पाडते. एक ते दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉलच्या चार गोळ्या, त्या पिशवीला कळा आणतात आणि तिचं तोंड सैल करतात. आमच्या भाषेत सांगायचं तर पहिली नांगर उचलते, दुसरी होडी हाकते. पहिल्या दिवशी बहुतेकींना फारसं काही होत नाही, आणि तिथेच त्या फसतात. एकीला वाटलं आपल्याला काही त्रास होत नाही, म्हणून दुसऱ्या गोळ्या कोल्हापुरात घेऊन ती एसटीत बसली. फोंडा घाट अर्धा उतरला तोवर कळा सुरू झाल्या. पुढचं मी सांगत नाही. दुसऱ्या गोळ्यांच्या दिवशी शौचालय जवळ हवं, पाठीला उशी हवी, आणि खरं काय ते माहीत असलेलं एक माणूस हवं.

आमची मुलगी कुडाळला आत्तेबहिणीच्या खोलीवर राहिली. २८ सप्टेंबरला सकाळी दहाला गोळ्या, साडेबाराला थंडी वाजली, मग उलटी, मग कळा. पाळीपेक्षा खूप जास्त जातं, गाठी पडतात. तीन-चार तास जोर असतो. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी वेळेवर घेतली तर निभतं. संध्याकाळी ती पेज-लोणचं खाऊन झोपली. आत्तेबहिणीनं मला मेसेज टाकला, ‘झाला बहुतेक. ती घोरता.’

लक्ष कशावर ठेवायचं? तासाला दोन पॅड पूर्ण भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललंय, दुसऱ्या दिवशीही ताप आहे, घाण वास येतोय, दुखणं कमी न होता वाढतंय, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. गोळ्या घेऊन काहीच गेलं नाही तरी कळवायचं. शंभरातल्या दोन-पाच जणींना नंतर नळीनं पिशवी रिकामी करावी लागते. दोन आठवड्यांनी दाखवायला जायचंच. घरी किटवर तपासू नका, तीन-चार आठवडे दोन रेघा येतच राहू शकतात. त्या बघून एक मुलगी रडत आली होती.

आणि मग ती गोष्ट, जी माहितीपत्रकांत कुठेच नसते. गोळ्यांनंतर साधारण नऊ ते चौदा दिवस थोडं थोडं जात राहतं. आमच्याकडे अजून कितीतरी घरांत बाई चार दिवस बाजूला बसते, पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन आत येते. आई दिवस मोजते. चौदा दिवस जाणारी पाळी तिच्यापासून लपवायची कशी? त्यात घरी नवरात्राचे घट बसलेले. मुलीनं ‘प्रोजेक्ट आहे’ सांगून दसरा कुडाळलाच काढला. नंतर मला म्हणाली, गर्भपाताचं तिला एवढं वाटलं नाही, पण दसऱ्याला घरी नव्हती याचं फार लागलं. कायद्यात आणि औषधशास्त्रात याला जागा नाही. पण तिला विचाराल तर त्या पंधरवड्यातलं सगळ्यात जड हेच होतं.

मनाचं काय होतं? मला तरी आधी एकच शब्द ऐकू येतो, ‘सुटलंय.’ मग काहीजणी रडतात. हार्मोन एकदम उतरतात, झोप नसते, कोणाशी बोलायची सोय नसते. एक म्हणाली, ‘हलकं वाटलं म्हणूनच वाईट वाटतं.’ अमेरिकेत २००८ पासून जवळजवळ हजार बायकांची पाच वर्षं विचारपूस केलेला एक मोठा अभ्यास आहे, टर्नअवे स्टडी. तिथेही सगळ्यात जास्त सांगितली गेलेली भावना सुटकेचीच होती आणि ९५ टक्क्यांहून अधिक जणींना निर्णय बरोबर वाटत राहिला. मुदत उलटली म्हणून ज्यांना परत पाठवलं, त्यांचीच घालमेल सुरुवातीला जास्त होती. अमेरिका वेगळी, आमचं गाव वेगळं, हे कबूल. पण ज्यांना गुपित एकटीनं वाहावं लागतं त्यांना ते जास्त जड जातं, एवढं काउंटरवरूनही दिसतं. आधीपासून उदास राहणाऱ्या मुलीकडे तर नंतरही लक्ष हवं. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

‘देव कोपात?’ असंही विचारतात. गाऱ्हाणं घालणारी मी नव्हे; तिथे मी गप्प बसते आणि पाण्याचा ग्लास पुढे करते.

‘पुढे मूल होईल ना?’ याला मात्र उत्तर आहे. नीट झालेल्या गर्भपातानं मूल होणं थांबत नाही. उलट दोन आठवड्यांच्या आत बीज पुन्हा सुटू शकतं, म्हणजे पाळी यायच्या आधीच पुन्हा दिवस राहू शकतात. ‘लग्नानंतर नवऱ्याला कळेल?’ लवकर, गोळ्यांनी झालेल्याची शरीरावर खूण उरत नाही. पुढच्या बाळंतपणात डॉक्टरला तेवढं सांगावं.

गर्भनिरोधक त्याच वेळी ठरवून घ्यायचं. सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळी फुकट मिळते, तांबी बसवून मिळते. निरोधचं पाकीट मागताना आजही मुलगे माझ्याऐवजी नवऱ्याकडे वळतात. दापोलीजवळच्या मुरूडच्या कर्व्यांच्या घरातल्या र. धों. नी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ मध्ये, आणि या पायी प्राध्यापकी सोडली. शंभर वर्षं उलटली, तरी आमच्या गावचे मुलगे पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून मागतात.

मी एक सवय लावून घेतली आहे. पाळी पुढे ढकलायची स्ट्रिप देताना पुडीवर पेननं एक तारीख लिहिते, गोळी बंद केल्यापासून आठव्या दिवसाची. गेल्या गणपतीत एका बाईनं विचारलं, ‘ही तारीख कसली गे?’

‘तोवर येवक व्हयी. नाय इली तर किट घेवन तपासायचा.’

‘माझा वय काय आता!’ ती हसली. मग तिचं लक्ष पुडीतल्या तिसऱ्या स्ट्रिपकडे गेलं. हसू थांबलं. तिनं माझं पेन मागून घेतलं, त्या तिसऱ्या स्ट्रिपवर वेगळी तारीख घातली, आणि पैसे द्यायला पाकीट उघडलं.